दोनशे अठरा जोडी डोळे

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोने ठेवला नाही, मुलांनी ठेवला नाही, आणि एका कीर्तनकाराने तर ऐकून मला कोपरापासून हात जोडले. म्हणाला, “एवढं आम्हालासुद्धा जमत नाही हो, आणि आम्हाला बिदागी मिळते.” पण मी पाहिलं ते पाहिलं.

परवा भिकाजी मेस्त्रींच्या गणपतीच्या शाळेत पुन्हा सांगितलं. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आमच्या कोकणात तिला शाळाच म्हणतात. मेस्त्री जाऊन सतरा वर्षं झाली, मधे आखणीला बाहेरचे कारागीर येत. आता डोळ्यांची आखणी त्यांच्या नातीकडे, मैथिलीकडे आलीय. हा तिचा पहिलाच मोसम. सकाळपासून तीनदा कुंचला उचलून तीनदा खाली ठेवला होता तिने. हात थरथरत होता. कोपऱ्यात तिची आजी, द्वारकावहिनी, वाती वळत बसल्या होत्या.

“अंकुशकाका,” मैथिलीने विचारलं, “आजोबांचा हात कधी थरथरायचा का हो?”

झालं. मला तेवढं पुरतं.

“थरथरायचा?” मी म्हटलं. “अगं, एकदा असा थरथरला की सरकारी खाट वॉर्डभर फिरली. आणि मग थांबला. ऐक.”

चाळीस वर्षं झाली त्याला. मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होतो आणि मेस्त्रींच्या शेजारी भाड्याने राहत होतो. मेस्त्री पीत. लपूनछपून नाही, तुम्ही-आम्ही चहा पितो तसे. सकाळी उठलं की आधी पाव ग्लास, मग तोंड धुणं. पण ती पोटात गेली की हात असा ठरायचा, की कुंचल्याच्या टोकावर माशी बसली असती तर डुलकी काढून उठली असती. दोनशे अठरा घरांचे गणपती या शाळेतले. माती वहिनी मळायच्या, साच्यातून मूर्ती वहिनी काढायच्या, सोवळ्याचा पिवळा रंगसुद्धा वहिनींचा. डोळे मात्र फक्त मेस्त्री काढणार. आंघोळ करून, उपाशीपोटी, दार लावून. बाईमाणसाने त्या वेळी दारावरूनही जायचं नाही, असा या शाळेचा तेव्हाचा तीन पिढ्यांचा नेम.

त्या वर्षी आषाढात खोतांचा निरोप आला. ‘आमच्या गणपतीचे डोळे दारूच्या वासात उघडणार असतील तर मूर्ती दुसरीकडून आणू.’

मेस्त्रींना ते लागलं. अमावस्येला पोटभर प्याले, आणि श्रावणाच्या पहिल्या सकाळी शंकराच्या पिंडीवर बेल ठेवून शपथ घेतली. यापुढे थेंब नाही. गावाने पाठ थोपटली. वहिनींनी साखर वाटली. मीही खाल्ली. बारा वर्षं दवाखान्यात काढलेला माणूस मी, साखर खाऊन हात झटकून ड्यूटीला गेलो. एवढा एक भाग मी कधी फुगवून सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघालो तर मेस्त्रींच्या ओटीवर पाचशे माणूस.

“तीस-चाळीस असतील,” द्वारकावहिनी वातीवरून नजर न उचलता म्हणाल्या.

बरं, चाळीस. मधोमध पाटावर मेस्त्री. आणि काय सांगू! बोटं थरथरताहेत, हात थरथरताहेत, हनुवटी थरथरतेय, पाटसुद्धा जमिनीवर टकटक वाजतोय. कपाळाला मळवट भरलेला, तो घामाने ओघळून छातीपर्यंत आलेला. डोळे सताड उघडे, बुबुळं चिंचोक्याएवढी. पुढ्यात पाच-सहा नारळ फुटलेले. मेस्त्रींचे चुलते, आबा, कापूर पेटवत होते.

“ये अंकुश, पाया पड,” आबा म्हणाले. “देव आलाय भिकाजीच्या अंगात. शपथ पावली!”

एक जण हरवलेल्या म्हशीचं विचारत होता. मेस्त्री आपल्या खांद्यावरून काहीतरी चिमटीत धरून फेकत म्हणाले, “मुंग्या... लाल मुंग्या... कुंपणापलीकडे.” तो माणूस कुंपणापलीकडे धावला, आणि म्हैस तिथेच सापडली.

“रेडा होता,” वहिनी म्हणाल्या. “आणि सापडला नाही.”

“काका, आजी सगळं ऐकतेय हं,” मैथिली हसली.

मी पुढे झालो, मेस्त्रींचं मनगट धरलं. नाडी मोजायला घड्याळ बघावं लागतं. इथे घड्याळच मागे पडत होतं. मिनिटाला एकशे छत्तीस. अंग तापलेलं. म्हटलं, “मेस्त्री, जीभ दाखवा.” जीभ बाहेर आली, तीही लवलवत होती.

“वहिनी, झोपले होते का?”

“दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.”

“खाल्लं काही?”

“पाणीसुद्धा उलटून पडतंय.”

“आणि ती?”

वहिनींचा चेहरा ताठ झाला. “भावजी, शपथ घेतलीय त्यांनी. तीन दिवसांत थेंबाला शिवलेले नाहीत.”

“तेच दुखणं आहे, वहिनी.”

आबा खो खो हसले. “पिऊन माणूस आजारी पडतो ते ऐकलंय. सोडून पडतो हे तूच सांग! सरकार याचा पगार देतं तुला?”

“आबा, वीस वर्षं अंगाला तिची सवय. एका दिवसात काढून घेतली. अंग उधळलंय त्यांचं. यात माणूस जातो.”

“देव आलेला माणूस जातो?”

ओटीवरचे सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच म्हैस चोरली होती. भांडून उपयोग नव्हता. एवढ्या माणसांसमोर देवाला रोगी म्हणणारा ब्रदर जगला नसता आणि त्याचं ऐकलं गेलं नसतं ते वेगळंच. मग मी काय केलं? पाया पडलो. अगदी लोटांगण. कापूर घेतला, हळद-कुंकू लावलं, आणि मोठ्याने विचारलं, “देवा, तुझ्या मनात कुठे जायचंय?”

मेस्त्रींची मान गदगदा हलत होतीच.

“गावदेवीला?” मान हलली, मी म्हटलं, “नाही म्हणतोय.”

“खाडीवर?” मान हलली. “नाही म्हणतोय.”

“सरकारी दवाखान्यात?” मान तश्शीच हलली. मी ओरडलो, “हो म्हणतोय!”

आबांनी डोळे बारीक केले. पण देवाचा शब्द कोण मोडणार? ढोल आला, झांजा आल्या. पाटासकट मेस्त्रींना खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. मी पुढे गुलाल उधळत होतो. अख्ख्या महाराष्ट्रात देव वाजतगाजत ओपीडीत गेल्याचा हा एकच दाखला असेल.

“गुलाल कुठून आला श्रावणात?” मैथिलीने विचारलं.

“कुंकू होतं,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या देव्हाऱ्यातलं. कोयरी रिकामी करून परत दिली.”

दवाखान्याच्या पायरीवर मेस्त्रींना फिट आली. अंग फळीसारखं ताठ, मग आचके, दातखिळी, तोंडाला फेस. ढोल मध्येच बंद पडला. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि आबांकडे बघितलं. आबांनी हातातला नारळ हळूच खाली ठेवला. “घे बाबा आत,” म्हणाले. “देव असा दात खात नाही.”

डॉक्टर प्रभुदेसाई तेव्हा नवे होते, मिरजेहून शिकून आलेले, मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. पण माणूस हुशार. सलाईन लावलं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, झोपेचं दिलं. मेस्त्री झोपतील तर शपथ! उठून बसत, चादर ओरबाडत, छतावरचे साप मोजत. मला कधी बैल म्हणत, कधी कलेक्टर. दुपारी सलाईनची सुई दोनदा उखडली तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही हात खाटेला बांधायला सांगितले. मी बँडेजच्या पट्ट्यांनी बांधले. तर हाताच्या थरथरीने लोखंडी खाट सरकायला लागली. भिंतीपासून निघाली ती खिडकीपर्यंत...

“भावजी.”

“बरं. वीतभर सरकली.”

वहिनी बाहेरच्या बाकावर होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, “दोन दिवस कठीण आहेत. ताप उतरला, झोप लागली, तर वाचतील.”

वहिनींनी डोळे पुसले नाहीत. विचारलं, “आणि हात?”

“कुठला हात?”

“उजवा. चतुर्थीला महिना राहिलाय डॉक्टर. दोनशे अठरा मूर्ती आंधळ्या उभ्या आहेत घरी. हात थांबेल ना त्यांचा?”

“आधी माणूस वाचू दे बाई.”

“माणूस वाचवा,” वहिनी म्हणाल्या. “पण हात गेला, तर वाचून तो माणूस काय करील ते मला विचारा.”

डॉक्टर आत आले, खाटेशी उभे राहिले. मग मला म्हणाले, “ब्रदर, पुस्तकात या भ्रमाची एक खूण दिलीय. बघू या.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवली, जणू काही धरलंय, आणि मेस्त्रींच्या बांधलेल्या उजव्या हातापाशी नेली. “मेस्त्री, हा घ्या कुंचला.”

चिमटीत काही नव्हतं, मी शपथेवर सांगतो. हवा होती.

मेस्त्रींनी ती हवा घेतली. नुसती घेतली नाही. ओठांपाशी नेता येईना, तर मान वाकवून कुंचल्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, केस जुळवले. एक चुकार केस निघाला असावा. तो दातांनी तोडून थुंकला. छतावरचे साप गेले, मुंग्या गेल्या. त्या माणसाच्या समोर आता एक मूर्ती उभी होती, आणि ती आम्हा दोघांना दिसत नव्हती एवढाच काय तो आमच्यात कमीपणा.

मनगटाला पट्टी होती. कुंचला दोन बोटं वर जाई आणि हिसका बसून थांबे. पुन्हा वर, पुन्हा हिसका. मेस्त्री लहान पोरासारखे रडायला लागले. “पोचत नाही,” म्हणायचे. “देव उंच बसलाय. पोचत नाही.”

दारातून आवाज आला, “हात सोडा त्यांचा.”

वहिनी आत आल्या होत्या.

“सुई उखडतील बाई,” डॉक्टर म्हणाले.

“सुई डाव्या हातात आहे. डावा बांधलेला ठेवा. उजवा सोडा.”

“स्वतःला मारून घेतलं तर?”

“मी बसते इथे. एक क्षण नजर काढणार नाही. सोडा भावजी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी मान डोलावली. मी पट्टी सोडली.

मैथिली, आता काय झालं ते नीट ऐक. हात वर गेला. पिंपळाचं पान वाऱ्यात थरथरतं तसा थरथरत गेला. एका उंचीवर पोचला. आणि थांबला. सगळी थरथर कोपराच्या मागे राहिली, बोटं दगडासारखी. मेस्त्रींनी श्वास धरला. डावीकडून उजवीकडे वरच्या पापणीची रेघ, लांब, शेवटी किंचित उचललेली. मग खालची. मग नाकाकडचा कोपरा. मग बुबुळ, दोन फेऱ्यांत. आणि शेवटी मनगट वळवून एक ठिपका. तो ठेवला आणि श्वास सोडला. लगेच हात पुन्हा पानासारखा. शेजारच्या मूर्तीकडे सरकले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

ते दोन दिवस चाललं. घाम चादरीतून गादीत, गादीतून जमिनीवर. मी नाडी बघायचो, पाणी चमच्याने पाजायचो, मेस्त्री माझा हात बाजूला सारून म्हणायचे, “उजेडातून हो.” वॉर्डात सोळा रोगी. पहिल्या दिवशी हसले. हर्नियाचा एक मास्तर होता, तो म्हणाला, “वेड्यांच्या इस्पितळात पाठवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मास्तर टाके धरून उठला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मेस्त्रींनी हवेत ठिपका ठेवला, आणि मास्तरांनी हात जोडले. कुणाला? समोर भिंत होती, तिच्यावर कुटुंबनियोजनाचा तक्ता. पण ठिपका पडला की त्या रिकाम्या जागेतून कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं व्हायचं. मलाही झालं. मी देवभोळा नाही. रोज माणसं मरताना बघणाऱ्याला ते परवडत नाही. पण त्या दुपारी मी मेस्त्रींच्या आणि भिंतीच्या मधून जायचं टाळलं. डॉक्टरसुद्धा वळसा घालून जायला लागले.

आणि वहिनी स्टुलावर. खाटेच्या डोक्याशी नाही, समोर. जेवल्या नाहीत. मी म्हटलं, “वहिनी, जरा पडा, मी बघतो.” तर मान हलवली. ओठ पुटपुटत होते. मला वाटलं, नामस्मरण चाललंय.

दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. हात हळूहळू खाली आला, चादरीवर पडला. मेस्त्री झोपले, ते अठ्ठावीस तास.

या वेळी वहिनींनी आकडा दुरुस्त केला नाही.

उठले तेव्हा माणसात होते. “मी कुठे आहे?” म्हणाले. “मिरवणूक कसली होती?” डॉक्टरांनी विचारलं, “काही आठवतंय?” काही नाही. साप नाही, मुंग्या नाहीत, डोळे नाहीत. वहिनींनी चहाचा कप हातात दिला. कप बशीवर असा वाजला की वॉर्डातली डोकी वळली. अर्धा चहा चादरीवर. मेस्त्री त्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “द्वारका, मी मेलो असतो तर बरं झालं असतं गो.”

“चहा पुन्हा आणते,” वहिनी म्हणाल्या.

घरी आले तरी तेच. हात थरथरतोय. जुने सोबती कुजबुजायला आले, “पाव ग्लास घ्या, हात ठरेल, शंकर काय रागावतोय!” मेस्त्रींनी त्यांना काठी दाखवली. काठीही थरथरत होती. चतुर्थीला दहा दिवस उरले, आठ उरले. खोतांचा माणूस रोज फाटकाशी येऊन मूर्तींकडे डोकवायचा. आंधळ्या रांगा बघून चुकचुकायचा आणि जायचा.

सात दिवस उरले तेव्हा वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भावजी, रजा काढा. शाळेच्या दाराबाहेर बसा. कोणी आत येता कामा नये.” मी रजा काढली, पांढरे कपडे घालून उंबऱ्यावर बसलो. आत मेस्त्री, आणि त्यांची देखभाल करायला म्हणून वहिनी. दार बंद. आबा आले. त्यांना म्हटलं, “डॉक्टरांचा हुकूम आहे, रोग्याला वारा लागता कामा नये.” आबा म्हणाले, “आणि द्वारका आत कशी? आखणी चाललीय!” मी म्हटलं, “सुई टोचायला मी आत जातो म्हटलं तर तुम्ही मला जाऊ द्याल?” असा उलटसुलट बोललो, की आबा घरी जाऊन झोपले.

सहा दिवसांनी दार उघडलं. मैथिली, मी त्या वेळी जे पाहिलं ते... दोनशे अठरा मूर्ती, आणि सगळ्या माझ्याकडे बघताहेत. मी, हा अंकुश, ज्याने देवाच्या नावावर खोटं बोलून माणसाला दवाखान्यात नेलं, त्याच्याकडे चारशे छत्तीस डोळे. आणि एकातही राग नाही. मी उंबऱ्यावरच बसलो. मेस्त्री कोपऱ्यात बसून रडत होते. खोत स्वतः आले, मूर्तीसमोर वाकले, म्हणाले, “मेस्त्री, असे डोळे तुम्ही पिऊन कधी काढले नव्हते.”

तर पोरी, सांगायचं काय, आजोबांचा हात तुझ्यापेक्षा शंभरपट थरथरत होता. पण आखणीला बसले, कुंचला उचलला, देवाकडे बघितलं, आणि हात थांबला. बघता बघता थांबला, दगडासारखा. तसाच तुझाही—

“खोटं,” द्वारकावहिनी म्हणाल्या.

रंग फवारायचा कंप्रेसर चालवणाऱ्या पोराने तो बंद केला. वहिनींनी मांडीवरच्या वाती बाजूला ठेवल्या.

“म्हैस सोड, गुलाल सोड, ते चालतं. पण हे खोटं आहे. हात थांबला नाही, मैथिली. दवाखान्यात नाही, घरी नाही, मरेपर्यंत नाही. शेवटच्या दिवशी पाणी मी पाजलं त्यांना.”

“मग डोळे?” मैथिलीने विचारलं.

“माझे.”

चाळीस वर्षांत मी एवढा वेळ कधी गप्प बसलो नव्हतो.

“तुझ्या आजोबांनी मला कधी शिकवलं नाही. दार लावायचे ना. त्या दोन दिवसांतच काय ते दिसलं. तांदळातून खडे निवडावेत तशी त्या थरथरीतून रेघ निवडली मी. कुठून सुरू होते, कुठे उचलते, श्वास कुठे धरायचा. तोंडाने मोजत होते, आणि भावजींना वाटलं जप. घरी हे कोपऱ्यात बसून रडत होते आणि मी काढत होते. माझाही हात थरथरत होता, तुझ्यासारखाच. पहिल्या मूर्तीचा डावा डोळा मोठा झाला. खोतांकडे गेली ती. मग हे असेपर्यंत दर वर्षी तसंच, दार लावून.”

“कुणाला कळलं नाही?”

“देवाला कळलं असेल,” वहिनी म्हणाल्या. “तो काही बोलला नाही. बोलतात ते आमचे भावजी.”